भूमी हेच मुद्दल
निसर्ग व परंपरा यांना धरून उभी राहिलेली अतिथिगृहे

'बुटीक हॉटेल' हा शब्द अलीकडे आपल्या व्यापारी बंधूंच्या बोलण्यात वारंवार ऐकू येऊ लागला आहे. कोणी गोव्यात जागा पाहत असतो, कोणी घाटमाथ्यावर दोन एकर रान घेऊन ठेवलेले असते, तर कोणी पेठेतील वडिलोपार्जित वाड्याचे पुढे काय करावे या विवंचनेत असतो. या सर्वांच्या मुखी शेवटी हाच विचार येतो की, एखादे लहानसे, नीटनेटके बुटीक हॉटेल काढावे. विचार वाईट नाही. परंतु ज्या धंद्यात उतरावयाचे त्याचे मर्म आधी जाणून घ्यावे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण आहे. म्हणून या विषयाची थोडी फोड करून ती वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

मुळात हा शब्द आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. फ्रेंच भाषेत 'बुटीक' म्हणजे लहान दुकान. जेथे धनी स्वतः गादीवर बसतो, माल निवडून ठेवतो आणि गिऱ्हाइकास नावाने ओळखतो, अशी जी आपली जुनी पेढी, तिचेच हे दुसरे नाव म्हणावयास हरकत नाही. १९८४ साली न्यूयॉर्क शहरात 'मॉर्गन्स' नावाचे हॉटेल निघाले, तेव्हापासून हा शब्द हॉटेलांच्या संबंधात विशेष रूढ झाला. मोठी हॉटेले म्हणजे सर्व वस्तूंचे भांडार आणि हे मात्र निवडक मालाचे दुकान, असा त्यामागील भाव होता. पुढे १९८८ साली थायलंडमधील फुकेत बेटावर 'अमनपुरी' हे निवासस्थान सुरू झाले. थोड्या खोल्या, देशी घडणीची छपरे, माडांची बाग आणि समुद्र, एवढ्या सामग्रीवर मोठ्या हॉटेलांहून अधिक दर मिळू शकतो, हे त्याने व्यापारी जगास दाखवून दिले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पाहुणा अधिक पैसे देतो ते नेमके कशाचे? पलंग, पंखा, गरम पाणी हे सर्वत्र सारखेच मिळते. तो मोल देतो ते त्या ठिकाणाचे. तेथील झाडांचे, पाण्याचे, उजेडाचे, जुन्या भिंतीचे, शांततेचे. आपल्या हिशेबी भाषेत सांगावयाचे तर भूमी आणि परंपरा हे या धंद्यातील मुद्दल होय आणि पाहुण्याचे भाडे हे त्यावरील व्याज होय. जो धनी इमारत बांधताना हे मुद्दलच खर्चून टाकतो, त्यास व्याज कोठून मिळणार? या लेखाचे सार एवढेच आहे. आता ते उदाहरणांनी स्पष्ट करू.

कंदलमाचा धडा

या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम श्रीलंकेकडे पाहावे. मोसमी पाऊस, कडक ऊन, तलाव आणि दाट झाडी हे सर्व आपल्या ओळखीचे आहे. तेथील वास्तुशिल्पी जेफ्री बावा यांचा जन्म १९१९ सालचा. आधी वकिली करून, पुढे बेंतोटाजवळ 'लुनुगंगा' नावाची रबराची जुनी मळेवाडी १९४८ साली विकत घेऊन तिचे उद्यान करण्याच्या छंदातून ते वास्तुशास्त्राकडे वळले. पदवी घेतली तेव्हा १९५७ साल उजाडले होते व त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. त्या लुनुगंगेत आज मोजक्या खोल्यांत पाहुण्यांची सोय आहे.

१९९१ साली श्रीलंकेतील एका मोठ्या व्यापारी घराण्याने, एटकन स्पेन्स कंपनीने, बावा यांना एका हॉटेलाचे काम सांगितले. सिगिरियाचा सुप्रसिद्ध प्राचीन दुर्ग ज्या प्रचंड खडकावर आहे, त्याच्या पायथ्याशी हे हॉटेल बांधावे अशी मूळ कल्पना होती. कोणताही व्यापारी हेच म्हणेल. जेथे गर्दी तेथे दुकान! परंतु बावा यांनी ती जागा नाकारली. तेथून बऱ्याच अंतरावर, दांबुल्ल्याजवळील कंदलमा नावाच्या प्राचीन तलावाच्या काठी एक कडा होता. तेथे हॉटेल व्हावे असे त्यांनी सुचविले. तेथून तलावाच्या पाण्यावरून दूर क्षितिजावर सिगिरियाचा खडक दिसतो. देवळाच्या पायरीवर दुकान मांडण्यापेक्षा दुरून कळसाचे दर्शन घडविणे त्यांनी अधिक योग्य मानले, असे म्हणता येईल. मालकांनी हा सल्ला मानला.

काम सुरू होताच मोठा विरोध झाला. सांडपाण्याने तलाव दूषित होईल, दांबुल्ल्याच्या पवित्र लेण्यांचे पावित्र्य बिघडेल, रान नष्ट होईल, अशी भीती बौद्ध भिक्षूंनी व निसर्गप्रेमी मंडळींनी व्यक्त केली. ही शंका अनाठायी नव्हती. तलाव हे भोवतालच्या शेतीचे जीवन होते. अशा शंकेस उत्तर देण्याचा मार्ग एकच असतो, आणि तो म्हणजे बांधकाम. ती इमारत कशी उभी राहिली हे म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

कडा न फोडता, त्याच्या वळणाने वळत, सुमारे एक किलोमीटर लांबीची ती इमारत खांबांवर उभी केली आहे. खालून पावसाचे पाणी पूर्वीच्याच वाटेने तलावाकडे वाहत जाते. मोठमोठे खडक जागचे हलविले नाहीत, ते ओसरीतून व जिन्यांजवळून तसेच डोके वर काढतात. सपाट छतावर माती घालून झाडे लावली आहेत. दर्शनी बाजूस वेलींसाठी चौकटी असून वेली वाढल्यावर इमारत दुरून जवळजवळ दिसेनाशी होते. प्रवेश एका गुहेसारख्या बोळातून होतो व त्या अंधारातून बाहेर येताच समोर अकस्मात तलावाचा विस्तार उघडतो. मैलापाणी जागच्या जागी शुद्ध करून बागेस देण्याची व्यवस्था आहे. हे हॉटेल १९९४ साली सुरू झाले. २००० साली त्यास अमेरिकेच्या हरित इमारत परिषदेचे 'लीड' प्रमाणपत्र मिळाले. हा मान मिळविणाऱ्या जगातील अगदी पहिल्या हॉटेलांत त्याची गणना होते.

येथे वाचकांनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली ही की, या हॉटेलात १५२ खोल्या आहेत. म्हणजे ते लहान नव्हे. दुसरी ही की, ते गवताचे वा मातीचे नसून सिमेंट-काँक्रीटचे आहे. तरीही ते निसर्गाशी एकरूप झाले, याचे कारण बांधणाऱ्याने जमिनीची घडण, पाण्याची वाट आणि झाडांची जागा यांना आधी मान दिला आणि आपल्या सोयीस नंतर. निसर्गाशी मेळ म्हणजे झोपडीचे सोंग नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

उतार, चौक आणि वारा

आपल्या देशातही असे काम झाले आहे. सिकंदराबाद येथे १९३० साली जन्मलेले व मुंबईत कार्य केलेले चार्ल्स कोरिया यांनी केरळातील कोवळम येथे सरकारी पर्यटन निवासाची रचना केली. त्याचे बांधकाम १९७० च्या सुमाराचे आहे. समुद्रावर उतरणारी टेकडी सपाट न करता त्यांनी खोल्या पायऱ्यांसारख्या उतारावर बसविल्या. प्रत्येक खोलीस समुद्राचे दर्शन आणि स्वतःची उघडी गच्ची मिळाली, आणि टेकडीचा आकार मात्र टेकडीचाच राहिला.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्याकडे घाटात किंवा गोव्याच्या टेकड्यांवर बांधकाम काढताना पहिली वस्तू जी येते ती माती उकरणारे यंत्र होय. उतार कापून सपाट पटांगण करावे आणि त्यावर शहरात असते तशी इमारत ठेवावी, असा सरसकट प्रघात पडला आहे. डोंगराचा उतार म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे. झाडांच्या मुळांनी बांधलेली ती एक गाळणी आहे. पावसाचे पाणी तीत मुरते आणि खालच्या गावाच्या विहिरीत व ओहोळात सावकाश उतरते. ही गाळणी कापली म्हणजे पावसाळ्यात माती सुटते आणि उन्हाळ्यात झरा आटतो. मग हॉटेलाचा धनी खोल कूपनलिका घेतो, खालच्या गावच्या विहिरीचे पाणी तळास जाते, आणि गावाशी वैर निर्माण होते. ज्या गावात आपला नोकर, आपली भाजी आणि आपले दूध यावयाचे, त्याच गावाचे पाणी तोडणे हा कोणत्याही अर्थाने व्यापार नव्हे.

आता घराच्या रचनेकडे वळू. आपले पूर्वज यंत्रांवाचून उन्हाळे काढीत, ते काही हटयोगाने नव्हे. घराची बांधणीच तशी असे. जाड भिंत दिवसा ऊन हळूहळू पोटात घेते, त्यामुळे दुपारी आत गारवा राहतो. रात्री थंड हवा जड होऊन चौकात उतरते व सकाळी बराच वेळ तेथे टिकते. ऊन चढले की चौकातील हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी भोवतालच्या सोप्यांतून, माजघरातून वारा ओढला जातो. खोल पुढे आलेली पागोळी भिंतीस पाऊस लागू देत नाही व डोक्यावरचे ऊन खिडकीत शिरू देत नाही. मंगळुरी कौलांच्या फटींतून तापलेली हवा बाहेर निसटते. कोकण-गोव्यातील चिऱ्याची घरे, त्यांच्या दारापुढील बाल्कांव, शिंपल्याच्या चकत्या बसविलेल्या खिडक्यांतून येणारा मऊ उजेड, हे सारे शोभेसाठी जन्मास आलेले नाही. ते हवामानाला दिलेले उत्तर आहे आणि शोभा त्यातून आपोआप निपजली आहे.

म्हणून नव्या अतिथिगृहात या गोष्टी आणावयाच्या असतील तर त्या कामास लागतील अशाच आणाव्यात. काँक्रीटच्या पेटीस बाहेरून चिऱ्याच्या पातळ फरश्या डकविणे, वारा न येणाऱ्या जागी नुसता नावाचा चौक ठेवणे, आणि मग सारा भार वातानुकूलन यंत्रावर टाकणे, यास परंपरा म्हणत नाहीत. भेसळीचा माल एकदा खपतो, गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. हे आपणांस निराळे सांगावयास नको.

जुन्या वास्तूंचे पुनरुज्जीवन

नवे बांधण्याइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा प्रश्न जुन्या वास्तूंचा आहे. या बाबतीत दिल्ली-जयपूर रस्त्यावरील नीमराणा किल्ल्याची हकिगत व्यापाऱ्यांनी आवर्जून अभ्यासावी अशी आहे. १४६४ सालचा हा चौहानांचा किल्ला स्वातंत्र्यानंतर ओसाड पडून ढासळत चालला होता. इतिहासाचे अभ्यासक अमन नाथ व मूळचे फ्रेंच पण भारतीय नागरिकत्व स्वीकारलेले फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी काही साथीदारांसह १९८६ साली तो विकत घेतला. त्यांनी संपूर्ण किल्ला दुरुस्त होईपर्यंत वाट पाहिली नाही, की एकदम मोठे कर्जही डोक्यावर घेतले नाही. थोड्या खोल्या राहण्याजोग्या केल्या आणि १९९१ साली पाहुण्यांस दार उघडले. जे उत्पन्न येऊ लागले त्याच्या बळावर पुढील भाग एकामागून एक वर्षानुवर्षे सावरत नेले. वाक्झियार्ग २०१४ साली निवर्तले, परंतु ही पद्धती मागे राहिली. नफ्यातून भांडवल वाढवीत जाण्याची ही रीत आपल्या पेढ्यांची जुनी ओळखीची रीत आहे. फरक इतकाच की, येथे मालाच्या जागी भिंती होत्या.

आपल्या इंदूरच्या बंधूंस महेश्वर अधिक जवळचे आहे. नर्मदाकाठच्या ज्या किल्ल्यात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी राज्यकारभार केला, त्या किल्ल्याच्या एका भागात होळकर घराण्यातील वंशजांनी २००० साली मोजक्या खोल्यांचे अतिथिगृह सुरू केले. परंतु त्याआधीच, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, तेथे 'रेवा' ही संस्था निघाली होती व मोडकळीस आलेल्या महेश्वरी विणकामास तिने पुन्हा उभे केले होते. आज पाहुणा घाटावर बसून नदी पाहतो, मागाचा आवाज ऐकतो आणि जाताना साडी घेऊन जातो. वास्तू, नदी आणि कारागीर ही तीन निराळी खाती नसून एकच खाते आहे, हे तेथे प्रत्यक्ष दिसते. माग बंद पडले असते तर किल्ला उभा राहूनही महेश्वर अर्धे झाले असते. पणजीच्या फोंताइन्यास भागातील जुन्या घरांत निघालेली लहान निवासस्थानेही याच गोष्टीची साक्ष देतात. राजवाडाच असावा लागतो असे नाही, नांदते घरही पुरते.

आपले वाडे

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. बेळगावच्या जुन्या पेठा असोत, इंदूरचा जुना भाग असो, ग्वाल्हेर, वडोदरा वा हैदराबाद असो, आपल्या समाजाच्या अनेक घराण्यांचे वाडे अद्याप उभे आहेत. पुढे पेढी, आत चौक, वर माळा, मागे आड आणि परस अशी त्यांची रचना. देवडीवरील कोरीव काम, सागवानी खांब, धान्याची बळदे, कोनाडे हे सर्व तीन-चार पिढ्यांच्या कमाईतून झालेले आहे. वारस वाढले, मुले परगावी गेली, भाडेकरूंचे तंटे झाले, एका पावसाळ्यात मागची भिंत खचली, की मग वाडा जागेच्या भावाने जातो. लाकूड जुन्या बाजारात, दगड भरावात, आणि चौकाच्या जागी मोटारी ठेवण्याचे तळघर. विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. ज्यास गरज आहे त्याने विकावेच. परंतु जो केवळ दुसरा मार्ग ठाऊक नाही म्हणून विकतो, त्याच्यासाठी पुढील चार शब्द आहेत.

पहिले म्हणजे, सर्व वारसांचे एकमत आणि स्वच्छ कागदपत्र. याविना एक विटही हलवू नये. कित्येक चांगली कामे चुन्यावाचून नव्हे, तर सहीवाचून अडली आहेत.

दुसरे म्हणजे, पाडण्याचा सल्ला देणाऱ्याखेरीज जतनाचे काम जाणणाऱ्या वास्तुशिल्पीकडूनही वाड्याची पाहणी करून घ्यावी. संपूर्ण वाडा धोकादायक क्वचितच असतो. बहुधा छपराचे पाणी एका ठिकाणी मुरत असते आणि तेथील तुळईचे टोक कुजलेले असते. तेवढे वेळीच बदलले तर उरलेला वाडा पुढची पिढी पाहतो.

तिसरे म्हणजे, जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करू नये. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचे कठीण कवच चढविले म्हणजे ओल आत कोंडते, लोणा लागतो, आणि काही वर्षांत गिलाव्यासह दगडाचा व विटांचा पापुद्राही सुटू लागतो. चुना, वाळू व विटांची सुरखी यांचा, घाणीत नीट मळलेला गिलावाच तेथे योग्य होय. हे काम जाणणारे गवंडी दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांस काम मिळाले तरच त्यांची विद्या त्यांच्या मुलांपर्यंत जाईल.

चौथे म्हणजे, न्हाणी व शौचकूप. पाहुण्यास प्रत्येक खोलीस स्वतंत्र सोय लागते, आणि नळांची ओल हीच जुन्या वाड्याची मोठी शत्रू होय. म्हणून ही सोय जुन्या लाकडी मजल्यावर कोंबू नये. शक्य तेथे परसाच्या बाजूस नवे, स्वतंत्र बांधकाम करून त्यात ती ठेवावी. चौक मात्र कधीही बंद करू नये. त्यावर पत्रा घालून आणखी दोन खोल्या काढण्याचा मोह होतो, पण चौक गेला की वाड्याचा श्वास गेला.

पाचवे म्हणजे, सरकारी वर्गीकरण. केंद्रीय पर्यटन खात्याच्या 'हेरिटेज' वर्गात राजवाड्यांबरोबर हवेल्या आणि राहती घरेही बसतात. वास्तू १९५० पूर्वीची असावी आणि किमान पाच खोल्या असाव्यात, ही त्यातील मुख्य अट आहे. पाच खोल्या! आपल्यापैकी कितीतरी वाड्यांस हे जमण्यासारखे आहे. अर्थात स्थानिक परवाने, अग्निशमनाची व्यवस्था, मैलापाण्याची सोय हे सर्व वेगळे पाहावे लागते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. हा धंदा झटपट नफ्याचा नाही. पाच-सात खोल्यांच्या वाड्यातून लाखोंची उलाढाल होत नाही. रोजची झाडलोट, पावसाळ्यातील रिकाम्या खोल्या, दरवर्षी कौले परतणे हे सर्व धन्यासच करावे लागते. ज्या घरात पाहुण्यास आनंदाने ताट वाढणारे कोणी नाही, त्या घराने यात पडू नये. उलट, ज्या घरात जुन्या पदार्थांची चव, घरचे संस्कार आणि पाहुण्याशी दोन शब्द बोलण्याची हौस आहे, त्या घरास भांडवल थोडे असूनही यश येऊ शकते. सूर्यास्तापूर्वीचे साधे, शुद्ध शाकाहारी जेवण ही आपणांस नित्याची गोष्ट आहे, परंतु परगावच्या पाहुण्यास ती एका घराण्याची जीवनपद्धती म्हणून अपूर्वाईची वाटते. धर्मशाळा बांधून यात्रेकरूंस उतरावयास जागा देणे ही तर आपल्या समाजाची जुनीच परंपरा. अतिथीस मान देण्याची कला आपणांस नव्याने शिकावयाची नाही.

समारोप

कंदलमाचा कडा, कोवळमची टेकडी, नीमराण्याचा पडका तट आणि महेश्वरचा घाट या चार ठिकाणांचे बांधकाम भिन्न, धनी भिन्न, भांडवलही भिन्न होते. परंतु चारही ठिकाणी बांधणाऱ्याने प्रथम एकच प्रश्न विचारला. येथे आधीपासून काय आहे? पाणी कोठून वाहते, झाड कोठे उभे आहे, भिंत किती जुनी आहे, माणसे कोणता हुन्नर जाणतात? त्याचे उत्तर मिळाल्यावरच 'मी येथे काय घालू' हा दुसरा प्रश्न आला. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो, आणि नुकसान तेथेच होते.

आपल्या बंधूंपैकी जो कोणी येत्या वर्षात रानात कुदळ घालील किंवा वाड्याच्या खरेदीखतावर सही करील, त्याने त्यापूर्वी एक पावसाळा त्या जागेवर काढावा, पाणी कसे वाहते ते पाहावे, आणि घरातील वृद्धांस वाड्याची हकिगत विचारावी. इतके करूनही जो निर्णय होईल तो विचारपूर्वक झालेला असेल. ज्या वस्तूला पुन्हा निर्माण करता येत नाही ती खर्ची घालण्यापूर्वी दोनदा मोजावी, हा व्यापाराचा पहिला नियम आहे, आणि डोंगर, झरा व वडिलांचा वाडा यांना तो सर्वांत आधी लागू आहे.